भिंतीकडे तोंड

१

सकाळी चेंबरची दारं उघडून झाली की मी एका कानात इयरफोन घालायचो आणि हिमानीला फोन लावायचो. ती उचलायची, पण बोलायची नाही. तसं आमचं ठरलेलंच होतं. "बोलायला नको सांगू, समाधान. फक्त चालू ठेव," असं तीच एकदा म्हणाली होती. मग मी फोन शर्टाच्या खिशात टाकून कामाला लागायचो. ती पुण्यात तिच्या खोलीत पडून असायची आणि मी बुऱ्हाणपुरात क्रेट उचलत असायचो.

आमच्या गोदामात केळी पिकवतात. हिरवा माल येतो. फण्या कापायच्या, तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, क्रेटमध्ये भरायच्या. क्रेटची थप्पी थंड चेंबरमध्ये लावायची, दार घट्ट लावून गॅस सोडायचा. काही दिवसांनी तोच माल पिवळा होऊन बाहेर येतो. नववीतून शाळा सोडली तेव्हापासून मी हेच करतो आहे.

आठवड्यातून एकदा टेम्पोबरोबर नेपानगरच्या बाजारात माल टाकायला जावं लागायचं. हिमानी तिथंच भेटली. तिचे वडील तिथल्या कागदाच्या मिलमध्ये होते. जळगावकडचं कुटुंब, पण राहणं कित्येक वर्षांपासून मिलच्या क्वार्टरमध्ये. केळीच्या गाड्यापाशी उभी राहून तिनं विचारलं होतं, "ही आतून पिकलीत, की नुसती वरून?"

मी म्हणालो, "काही काही वरूनच."

गाडेवाला माझ्यावर असा भडकला की विचारू नका. ती मात्र हसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. मला मुलींशी बोलता येत नाही, त्यामुळे जास्त तीच बोलायची. अशी दोन वर्षं गेली. मग तिला पुण्याला लॅबच्या कोर्सला प्रवेश मिळाला. त्याच सुमाराला तिचे वडील रिटायर झाले आणि आईवडील क्वार्टर सोडून भुसावळला काकांकडे राहायला गेले. आमचं ठरलं होतं की कोर्स संपला की ती बुऱ्हाणपुरात एखाद्या लॅबमध्ये लागेल आणि मग मी घरी सांगेन.

पुण्याला गेल्यावर आधी ती म्हणायची, मन लागत नाही. मग म्हणायला लागली, उठवत नाही. नंतर तेही म्हणेनाशी झाली. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, एवढंच तिनं मला सांगितलं.

तिची खोली मी कधी पाहिली नव्हती, पण कानाला पाठ होती. पंख्याची टकटक, खालच्या मेसमधला मिक्सर, जिन्यावरून उतरणाऱ्या मुलींच्या चपला. या सगळ्याच्या मधे कुठेतरी तिचा श्वास असायचा. तो ऐकू आला की मला क्रेट हलकं वाटायचं.

२

एप्रिल सुरू झाला तेव्हाची गोष्ट. दुपारी मी टाकीपाशी फण्या धूत होतो. कानात पंख्याची टकटक चालू होती. मधेच ती थांबली. लाइट गेली असेल असं मला वाटलं. मग लांबून एक आवाज वर चढत गेला, ताणला गेला आणि बसत बसत विरला.

नेपानगरच्या मिलचा भोंगा.

माझे हात पाण्यातच राहिले. तो आवाज मी इतक्या वेळा ऐकलाय की चूक होणं शक्य नव्हतं. तो झाला की हिमानी म्हणायची, "पप्पा सुटले, मी पळते."

"हिमानी," मी म्हणालो, "तू नेपानगरला आलीस?"

ती बोलली. झोपेतून बोलावं तसा आवाज. "नाही रे. इथंच आहे."

"मग भोंगा कसा वाजला?"

"कुठला भोंगा?"

माझ्या शेजारी गोटू काम करतो. लग्न झालेला, दोन पोरांचा बाप आहे, पण तोंड कायम चालू. तो म्हणाला, "काय भाई, भाभी बोलली वाटतं आज! मिठाई पाहिजे." मी हसलो. हसल्यावर वाटलं की पुण्यातही कारखाने असतील आणि सगळ्या भोंग्यांचा आवाज सारखाच येत असेल. हे पटण्यासारखं होतं. मी ते पटवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पंखा ऐकूच आला नाही. मिक्सर नाही, चपला नाहीत. त्याऐवजी कौलांवर चिमण्या होत्या, आणि कुठेतरी हापसा चालत होता. एक बाई बकरीवर ओरडत होती, "अय भवाने, वांगे खाल्ले माहे!"

हिमानी तिसऱ्या मजल्यावर राहत होती. तिथून बकरी कुठली ऐकू येणार?

३

मी व्हिडिओ कॉल करायला सांगितलं. ती नको म्हणाली. केस विंचरले नाहीत म्हणाली. मी जरा हट्टच केला. मग तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि पुन्हा आडवी झाली.

मी पहिल्यांदा ती खोली पाहिली. लोखंडी पलंग, दोरीवर टॉवेल, कॅलेंडर. वर पंखा फिरत होता. हिमानी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगात पिवळा कुर्ता. मला तिची पाठ आणि वेणी एवढंच दिसत होतं.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता. आवाज होता तो चिमण्यांचा. हापशाचा. खिडकीबाहेर पुण्याच्या इमारती दिसत होत्या आणि कानात ती बाई बकरीला शिव्या घालत होती.

"हिमानी, कोण ओरडतंय गं?"

"कोणी नाही. सगळ्या गेल्यात. फार शांत आहे." थोड्या वेळानं ती म्हणाली, "समाधान, मी इथं आले ना, तेव्हाच नीट आले नाही असं वाटतं."

"म्हणजे?"

"माहीत नाही. सोड."

रात्रभर मी रूमवर विचार करत बसलो. फोन खराब असेल. लाइन क्रॉस होत असेल. मोबाईलमध्ये तसं होतं का, हे मला माहीत नाही. गोटूला विचारलं तर तो म्हणाला, "फोन बदल नाहीतर छोरी बदल." त्या दिवशी मला त्याचा राग आला. शेठकडे मी आठवड्याच्या फेरीच्या आधीच नेपानगरला जायची सुट्टी मागितली.

४

ती क्वार्टरची ओळ बहुतेक रिकामी झाली आहे. कुंपणाची मेंदी माणसाच्या डोक्यावर गेलेली. दुपारचं ऊन असं होतं की चपलेखाली डांबर मऊ लागत होतं. हिमानीच्या क्वार्टरचं दार कुलूप नसल्यामुळे तारेनं बांधलेलं होतं. दारापाशी एक स्टीलची वाटी होती आणि त्यात दूध होतं. दुधावर जाड साय धरलेली.

"अरे केळेवाल्या! आज टेम्पो नाही?"

शेजारच्या अंगणात मालूबाई उभी होती. तिचा नवराही मिलमध्येच. हिमानीबरोबर बोलताना तिनं मला बाजारात पाहिलेलं होतं. तिच्या मागं खुंट्याला बकरी होती आणि वांग्याची खुडलेली रोपं. मी तो आवाज ओळखला.

"त्याहीचं काही सामान राहिलं का?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. खोटं बोलायला मला जमत नाही, पण तिनं माझ्याकडे नीट पाहिलं नाही.

"बरं झालं आला. आतमंदी मांजर व्याली वाटते. दुपारची हालते, कूस बदलते. मी दूध ठेवते रोज. पेत नाही मेली." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "हिमानी कशी आहे रे? पोरगी गेली तशी गल्ली सुनी झाली बाप्पा."

"बरी आहे," मी म्हणालो.

"तुह्या तोंडावरून तं नाही वाटत."

मी तार सोडायला लागलो. ती हसली आणि बकरीकडे वळली.

५

आत जाण्याआधी मी हिमानीला फोन लावला. तिनं उचलला. दोन्ही कानांत इयरफोन घातले आणि दार ढकललं.

दार करकरलं. इयरफोनमध्येही करकरलं, पण लांबून. घरात आत बसलेल्या माणसाला पुढचं दार ऐकू येतं तसं.

मी थांबलो. इयरफोनमध्ये शांत झालं. मी एक पाऊल टाकलं. माझी चप्पल फरशीवर घासली आणि पाठोपाठ तीच चप्पल कानात घासली, बारीक, दोन भिंतींपलीकडून.

माझ्या डोक्यानं लगेच कारण काढलं. मोकळ्या घरात आवाज घुमतो, तोच माझ्या फोनमधून जाऊन तिच्याकडून परत येत असेल. हे कारण खरंच चांगलं होतं. ते घेऊनच मी पुढची खोली ओलांडली. भिंतीवर जिथं देव होते तिथं काळपट चौकोन उरला होता. स्वयंपाकघरात ओट्यावर एक तुटका चिमटा. मी जसजसा आत जात होतो तसतसा कानातला चपलेचा आवाज मोठा होत होता.

"समाधान," हिमानी फोनवर कुजबुजली, "कोणीतरी येतंय."

"कुठं?"

"माझ्या खोलीकडे. चपला घासत येतंय."

मी चपला काढल्या. कानातला आवाज बंद झाला. अनवाणी गेलो. शेवटची लहान खोली तिची अभ्यासाची होती. दार नव्हतंच, नुसती चौकट. आत कोणी नव्हतं.

सगळ्या फरशीवर धूळ होती. मिलकडची ती बारीक, पांढरट धूळ. फक्त भिंतीला लागून एक लांबट जागा साफ होती. पाय पोटाशी घेऊन माणूस कुशीवर झोपला तर जेवढी जागा घेईल तेवढी. आणि त्या जागेच्या वरच्या टोकाला, भिंतीच्या चुन्यावर, कपाळ टेकून टेकून पडावा तसा तेलकट डाग होता.

डाग ओला होता.

मी खाली बसलो. पळून जायला पाहिजे होतं, पण तिथं बसावंसं वाटलं. कानात श्वास चालू होता. तो इयरफोनमधून येत होता की बाहेरून, हे पाहायला मी एक वायर काढली. उघड्या कानालाही श्वास तसाच ऐकू आला.

मी त्या साफ जागेवर, फरशीच्या वर, हवेत हात धरला. तिथं ऊब होती. आजारी माणसाच्या अंगाला असते तशी.

"असाच हात ठेव ना पाठीवर," हिमानी पुण्यातून म्हणाली. रडत होती. "बरं वाटतंय. खूप दिवसांनी बरं वाटतंय."

६

मी किती वेळ तसा बसलो मला माहीत नाही. मिलचा भोंगा झाला तेव्हा उठलो. उठल्यावर तिला तिथं सोडून जाववेना. ती म्हणजे कोण, हे मी स्वतःला विचारलं नाही. माझी हिमानी आठ-नऊ महिने या फरशीवर एकटी पडली होती आणि पुण्यात जे होतं ते तिच्याशिवाय दिवस ढकलत होतं, एवढंच मला कळलं. हे वेड्यासारखं आहे. पण तिथं उभं राहून दुसरं काही कळणं शक्य नव्हतं.

आमच्या गावात, डोईफोडियात, एक रीत आहे. शेतातून, जंगलातून, दवाखान्यातून घरी निघताना लहान किंवा अशक्त माणसाला दारात उभं राहून नाव घेऊन हाक मारायची आणि 'चल घरी' म्हणायचं. नाहीतर जीव तिथं रेंगाळतो म्हणतात. मी लहान असताना मलेरियानं खकनारच्या दवाखान्यात होतो. सुट्टी झाली तेव्हा मायनं मला कडेवर घेतलं होतं, तरी दारात थांबून तिनं आतल्या रिकाम्या खाटेकडे पाहत हाक मारली होती, "समाधान, चल बापा घरी." मी म्हणालो होतो, "माय, मी तं इथंच आहे." तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

मी पुढच्या दारात आलो. आत पाहिलं. मला लाज वाटत होती, मालूबाई ऐकेल म्हणून. तरी म्हणालो, "हिमानी, चल घरी. मागं राहू नको."

आत काही हललं नाही. इयरफोनमध्ये मात्र टक, टक, टक सुरू झालं. पंखा. मग मिक्सर. मग जिन्यावरच्या चपला. पुणं परत आलं.

"हिमानी?"

"झोप येतेय रे," ती म्हणाली. स्वच्छ आवाज. "मस्त झोप येतेय."

तिनं फोन ठेवला. मी दाराला तार बांधली आणि बसमध्ये बसून रडलो. आनंदानं. जमलं असं मला वाटलं होतं.

७

दुसऱ्या दिवसापासून हिमानी बरी झाली.

ती वर्गाला जायला लागली. जेवायला लागली. तिच्या आईनं, ज्योत्स्नाकाकूंनी, मला स्वतः फोन करून सांगितलं की गोळ्या लागू पडल्या, देवाची कृपा. त्यांच्या लेखी मी तिचा गावाकडचा मित्र. मीही त्यांना म्हणालो की फार छान झालं.

हिमानीशी मी बोलायचो तेव्हा ती उत्तर द्यायची. जेवलीस? जेवले. काय होतं? भेंडी. अभ्यास? चालू आहे. आवाजात दुःख नव्हतं. दुसरंही काही नव्हतं.

मी एकदा म्हणालो, "तुला आठवतं, तू पहिल्यांदा काय विचारलं होतंस?"

"आठवतं ना. केळी आतून पिकलीत की नुसती वरून."

"हां."

"मग?" ती म्हणाली.

ती थट्टा करत नव्हती. पुढे काय, हे तिला खरंच समजत नव्हतं.

इकडे गोदामात दोन नंबरच्या चेंबरमध्ये मागच्या कोपऱ्यातला माल पिकेना. बाकी सगळा पिवळा, तेवढी थप्पी हिरवीगार. शेठनं गॅस तपासला, पंखा बदलला. गोटू म्हणाला, "भाई, तू आत जातो आणि तिथंच उभा राहतो. माल घाबरतो तुले." मी खरंच तिथं उभा राहायचो. चेंबरचं दार लागलं की फोनला रेंज राहत नाही, आणि माझा फोन तर बाहेर पिशवीत असायचा. तरी थप्पीच्या मागं, भिंतीच्या बाजूला, श्वास असायचा. मी पाहायला गेलो की तिथं फक्त भिंत असायची. भिंतीवर, कपाळाच्या उंचीवर, थंडीनं धरलेल्या दवात एक पुसलेला डाग.

एका रविवारी मी गावी गेलो. माय चुलीपाशी होती. म्हणाली, "दार काहून धरून उभा आहेस रे? माश्या येतात."

मी पाहिलं. मी आत आलो होतो आणि दार उघडं धरून थांबलो होतो. कोणीतरी मागून येतंय म्हणून आपण धरतो तसं. मला कळलं की मी हे रोज करत होतो. रूमवर, गोदामात, बसमध्ये.

मग मी तिला सगळं सांगितलं. हिमानीबद्दल घरी पहिल्यांदा बोललो ते असं. माय रागावली नाही. भाकरी तव्यावर करपली तरी तिनं उलटवली नाही.

"हाक मारली ते बरंच केलं," ती म्हणाली. "पण जिचं आहे तिले बाजूले उभं करून मारा लागते, बापा. तुले नाही का मी कडेवर घेतलं होतं? ती कुठी होती तवा?"

"पुण्याले."

मायनं करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली. मग म्हणाली, "मंग ते कोनाच्या मागं येईन?"

त्याच संध्याकाळी हिमानीचा फोन आला. म्हणाली, "आईनं एक स्थळ आणलंय. नाशिकचा आहे. मी हो म्हटलं. तुला चालेल ना?"

पाऊस येईल का, असं विचारावं तसं तिनं विचारलं.

८

मी पुण्याला गेलो. रात्रभर गाडीत उभाच होतो. तिचा पत्ता विचारत विचारत दुपारी पोचलो. मुलींच्या इमारतीत मला खोलीपर्यंत सोडेनात, म्हणून ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर खाली आली. इमारत सांभाळणाऱ्या बाईंनी दहा मिनिटं दिली.

हिमानी छान दिसत होती. गालावर मांस आलं होतं, केसांना तेल. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बारीक झालास." आणि थांबली. काळजीचं पुढचं वाक्य आलं नाही.

"एक काम करशील?" मी म्हणालो. "माझ्या बाजूला उभी राहा. फक्त एक मिनिट. काही विचारू नको."

ती उभी राहिली. काही विचारलं नाही. आधीच्या हिमानीनं शंभर प्रश्न विचारले असते.

आम्ही दोघं खाली जाणाऱ्या जिन्याकडे तोंड करून उभे होतो. खालचं वळण अंधारं होतं, वरच्या झरोक्यातून थोडं ऊन येत होतं. मी तिचा हात धरला. थंड नव्हता, गरम नव्हता. मी हाक मारली, "हिमानी, चल. तुझ्या घरी चल."

खाली काहीतरी फरशीला टेकलं. अनवाणी पाय. मग एक पायरी वर. थांबलं. पुन्हा एक पायरी.

वळणावर आधी वेणी दिसली. मग पिवळा कुर्ता, पाठीवर धुळीनं पांढरा झालेला. ती आमच्याकडे वर चढत होती आणि तिची पाठच आमच्याकडे होती. टाच मागं टेकवून, चाचपून, एकेक पायरी. तोंड खालच्या भिंतीकडे.

मी तेवढंच पाहिलं, कारण तेवढ्यात हिमानीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मी तिच्याकडे वळलो. तिला रडू फुटलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती माझ्याकडे पाहत होती. खरंच पाहत होती. नेपानगरच्या बाजारात पाहायची तशी.

"समाधान," ती म्हणाली. तिचाच आवाज होता. किती दिवसांनी. "समाधान, तू किती लांबून आलास रे."

"येऊ दे तिला," मी म्हणालो. "अजून थोडंच आहे."

पायरी. अजून एक.

हिमानीनं खाली पाहिलं आणि मान हलवायला लागली. "नको. मला नाही परत ते उचलवणार."

"तीच तू आहेस, हिमानी."

"माहितीये. म्हणूनच म्हणते." तिनं दोन्ही हात जोडले. असे कोणी माझ्यापुढं कधी जोडले नाहीत. "मला त्या भिंतीपाशी नको पाठवू. मला जगू दे ना असंच. कोरडं का होईना."

"आणि मी?"

तिनं माझ्या गालाला हात लावला. ती हिमानी होती तोवरचं शेवटचं ते. मग म्हणाली, "तिला तू आवडतोस. सगळं तिच्याजवळच आहे."

ती पळत वर गेली. दार लागलं, आतून कडी लागली. मी जिन्यात उभा राहिलो. खालची पावलं थांबली होती. भिंतीला कपाळ टेकवल्याचा हलका आवाज झाला.

मला हाक न मारता खाली उतरता आलं असतं. मग ती तिथंच राहिली असती, त्या वळणावर, हिमानीच्या खोलीखाली, आणि हिमानी रोज ये-जा करताना तिच्या बाजूनं गेली असती. कधीतरी तिचं मन वळलं असतं, किंवा तिला वेड लागलं असतं. मी बराच वेळ याचा विचार केला. खालून बाईंनी ओरडून विचारलं, "झालं का?"

"झालं," मी म्हणालो. मग हळू आवाजात, भिंतीकडे न पाहता म्हणालो, "चल."

९

स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीपाशी मोठी रांग होती. माझ्या मागं एक हात जागा मोकळी राहत होती आणि तिच्या मागचा माणूस कुरकुर न करता तेवढा मागं सरकून उभा होता. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "कहाँ?"

"बुऱ्हाणपूर."

"कितने?"

माझ्याकडे परतीपुरतेच पैसे काढलेले होते. खिसे चाचपून बाकीचे गोळा केले.

"दोन," मी म्हणालो.

गाडीची घोषणा झाली तशी सगळे पुलाकडे धावले. पोरं, बायका, डोक्यावर बॅगा घेतलेली माणसं मला धक्के देत पुढं जात होती. कोणीतरी म्हणालं, "अरे भाऊ, चल ना पटापट, गाडी सुटेल." मी बाजूला झालो, त्याला वाट दिली आणि पुन्हा हळूच निघालो. उलट्या पावलांनी चालणाऱ्याला गर्दीत वेळ लागतो.